घरच्या संगणकासाठी भरवशाचा डीव्हीडी रायटर: निवड, चाचणी आणि वापर

नव्या लॅपटॉपमध्ये सीडी-डीव्हीडीचा कप्पा येणे बंद होऊन बरीच वर्षे झाली आणि टेबलावरच्या संगणकाच्या नव्या कॅबिनेटांतूनही त्याची जागा नाहीशी होत चालली आहे. डिस्क मात्र घरातून गेलेल्या नाहीत. लग्नाच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी कपाटात असतात, रुग्णालयाने एमआरआय किंवा सीटी स्कॅनसोबत दिलेली सीडी औषधपाण्याच्या फाइलमध्ये असते, नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या विकत घेतलेल्या सीडी खणात पडून असतात. त्या वाचण्यासाठी, त्यांच्या प्रती काढण्यासाठी आणि घरातले फोटो व कागदपत्रे पुन्हा खोडता येणार नाहीत अशा माध्यमावर उतरवण्यासाठी यूएसबीला जोडायचा बाह्य डीव्हीडी रायटर आजही उपयोगी पडतो. तो निवडताना बहुतेक जण खोक्यावर छापलेला वेग आणि किंमत पाहतात. रायटरचा भरवसा मात्र आतले यंत्र, त्याला मिळणारी वीज आणि त्यात घातलेली कोरी डिस्क यांवर ठरतो, आणि तो खरोखर आहे की नाही हे परतीची मुदत संपण्याआधी घरी तपासल्यावरच कळते. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

आधी गरज ठरवावी

केवळ जुन्या डिस्क वाचायच्या आहेत, अधूनमधून एखादी डिस्क लिहायची आहे, की घरातला सारा संग्रह डिस्कवर उतरवून ठेवायचा आहे, याचा विचार खरेदीआधी करावा. सीडीवर ७०० एमबी म्हणजे ८० मिनिटांचे संगीत मावते. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी; ब्लू-रे डिस्कवर एका थराला २५ जीबी आणि दोन थरांना ५० जीबी, तर त्यापुढच्या बीडीएक्सएल प्रकारात १०० किंवा १२८ जीबी. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ४.७ जीबी ही मोजणी दशमान पद्धतीची असून विंडोज तीच जागा ४.३८ जीबीच्या आसपास दाखवते, त्यामुळे विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारे फोल्डर त्या डीव्हीडीवर मावणार नाही. डिस्क सदोष आहे असे समजून ती दुकानात परत नेणारे पुष्कळ असतात.

ज्यांच्या संग्रहात फोटो, दस्तऐवज आणि संगीत आहे त्यांना डीव्हीडी रायटर पुरेसा आहे. ज्यांच्याकडे शेकडो जीबी चित्रीकरण आहे त्यांनी ब्लू-रेचा विचार करावा, पण तो करताना खर्चाचे पूर्ण गणित मांडावे. ब्लू-रे रायटर डीव्हीडी रायटरच्या कित्येक पट महाग असतो आणि कोऱ्या ब्लू-रे डिस्क आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. शिवाय सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिण्यायोग्य ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. इतर उत्पादक अजून टिकून असले, तरी ही बाजारपेठ आक्रसत आहे हे लक्षात घेऊनच पैसे गुंतवावेत. एक गैरसमजही दूर करायला हवा. डीव्हीडी रायटर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ब्लू-रे वाचू शकत नाही, कारण सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, आणि हा तिसरा लेसर डीव्हीडी रायटरमध्ये बसवलेलाच नसतो.

आवरणाच्या आत काय आहे ते पाहावे

बाह्य रायटर म्हणजे लॅपटॉपमध्ये बसवला जाणारा बारीक ड्राइव्ह, त्याचे साटा (संगणकाच्या आत ड्राइव्ह जोडण्याची पद्धत) जोडणीचे टोक यूएसबीत बदलणारा एक छोटा सर्किट बोर्ड आणि या दोहोंवरचे प्लॅस्टिकचे आवरण. आवरणावर नाव कोणाचेही असू शकते. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या मात्र मोजक्याच होत्या: हिताची आणि एलजी यांची संयुक्त कंपनी, लाइट-ऑन व फिलिप्स यांची जोडी, पायोनियर, पॅनासोनिक आणि आता बंद पडलेली तोशिबा-सॅमसंगची भागीदारी, ही त्यांतली प्रमुख नावे. एलजी, असुस, डेल, एचपी अशा नावांनी विकले जाणारे रायटर बहुधा यांपैकीच कोणाच्या तरी यंत्रावर उभे असतात, त्यामुळे दोन नामांकित कंपन्यांच्या खोक्यांतून एकच यंत्र निघण्याची शक्यता बरीच असते.

खरी अडचण आहे ती नावच नसलेल्या किंवा दर महिन्याला नवे नाव धारण करणाऱ्या स्वस्त रायटरांची. त्यांतले काही चांगले निघतात, पण अनेकांत जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, लेसर थकलेले ड्राइव्ह नव्या आवरणात घातलेले असतात. असा ड्राइव्ह छापील चित्रपटाची डीव्हीडी बिनतक्रार चालवतो आणि कोरी डिस्क लिहायला घेतली की अर्ध्यावर अडतो, कारण वाचायला लेसरची ताकद थोडी लागते आणि लिहायला तिच्या कितीतरी पट. दुकानदाराने काउंटरवर एखादा चित्रपट चालवून दाखवला तर त्यावरून लिहिण्याच्या क्षमतेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आतले यंत्र ओळखण्याचा सोपा मार्ग विंडोजमध्येच आहे. रायटर जोडून डिव्हाइस मॅनेजर उघडावे आणि डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह या नोंदीखाली आलेले नाव वाचावे. एचएल-डीटी-एसटी या अक्षरांनी सुरू होणारे नाव हिताची-एलजीचे असते, मात्शिता असे दिसल्यास पॅनासोनिकचे, पीएलडीएस किंवा स्लिमटाइप असल्यास लाइट-ऑनच्या घराण्यातले, टीएसएसटीकॉर्प असल्यास तोशिबा-सॅमसंगचे. नव्या म्हणून घेतलेल्या रायटरमध्ये टीएसएसटीकॉर्प हे नाव दिसले, तर आतला ड्राइव्ह जुना आहे असे समजून तो परत करावा. ज्या नावातून उत्पादकाचा काहीच बोध होत नाही अशा रायटरबाबतही माझे मत तेच आहे.

बारीक ड्राइव्हखेरीज आणखी एक पर्याय आहे आणि तो फारसा कोणी सुचवत नाही. टेबलावरच्या संगणकात बसणारा पूर्ण आकाराचा रायटर घेऊन तो १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेल्या यूएसबी आवरणात किंवा साटा-यूएसबी जोडणीवर चालवता येतो. तो दिसायला बोजड असतो आणि सोबत नेता येत नाही. मात्र त्याची मोटर दणकट असते, डिस्क अधिक स्थिर फिरते आणि पावसाळी ओलीने किंवा ओरखड्यांनी खराब झालेल्या डिस्क वाचण्यात तो बहुधा बारीक ड्राइव्हपेक्षा सरस ठरतो. ज्यांना जुना मोठा संग्रह वाचवायचा आहे त्यांनी हाच मार्ग धरावा. जोडणी घेताना ती १२ व्होल्ट पुरवते याची खात्री करावी, कारण केवळ यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या हार्ड डिस्कच्या केबलवर पूर्ण आकाराचा रायटर फिरणार नाही.

वीज: बिघाडाचे पहिले कारण

घरगुती वापरात डिस्क फुकट जाण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरी वीज असते, आणि दोष मात्र रायटरला किंवा डिस्कला दिला जातो. यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असे मानक सांगते. बारीक ड्राइव्ह स्थिरपणे वाचत असताना एवढ्यात भागवतो, पण डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी आणि लेसर पूर्ण ताकदीने लिहीत असताना त्याची मागणी एक अँपिअरच्या पुढे जाऊ शकते. पोर्टने तेवढा प्रवाह दिला नाही की व्होल्टेज खाली येते, ड्राइव्ह क्षणभर अडखळतो आणि लिहिण्याचे काम निम्म्यात थांबते. डिस्क घातल्यावर टिक-टिक असा आवाज येऊन ती फिरायला लागण्याआधीच थांबत असेल, किंवा ड्राइव्ह संगणकावरून नाहीसा होऊन पुन्हा उगवत असेल, तर सर्वप्रथम विजेचाच संशय घ्यावा.

त्यावरचे उपाय साधे आहेत. टेबलावरच्या संगणकात पुढचे यूएसबी पोर्ट वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, म्हणून रायटर नेहमी मागच्या, मदरबोर्डवरच्याच पोर्टमध्ये लावावा. लॅपटॉपला जोडताना चार्जर लावलेला असावा. वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबमधून रायटर कधीही चालवू नये; हब हवाच असेल तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा घ्यावा. काही रायटरांसोबत दोन यूएसबी टोकांची केबल येते, तिचे दुसरे टोक शोभेसाठी नसते. तेही संगणकाच्याच दुसऱ्या पोर्टमध्ये लावावे. रायटरच्या आवरणाला वीज घेण्याचे स्वतंत्र छिद्र असेल, तर तो खरेदीच्या वेळी मोठा गुण समजावा.

याच कारणाने केबलकडेही लक्ष द्यावे. तळाशी गुंडाळून ठेवलेली, आतच पक्की जोडलेली छोटी केबल प्रवासाला सोयीची वाटते, पण ती तुटली की बहुतेकदा सारा रायटर बाद होतो. काढता येणारी केबल असलेला रायटर अधिक टिकतो, कारण तीच वस्तू पहिली झिजते. नव्या लॅपटॉपमध्ये केवळ टाइप-सी पोर्ट असतील, तर टाइप-सी केबल सोबत देणारा रायटर घ्यावा. वळणावळणाचे अडॅप्टर एकाला एक लावत गेले, की प्रत्येक सांध्यावर थोडे व्होल्टेज खर्ची पडते.

वेगाविषयी थोडेच

बारीक डीव्हीडी रायटर डीव्हीडी जास्तीत जास्त ८एक्स आणि सीडी २४एक्स वेगाने लिहितात. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, म्हणजे ८एक्सला सुमारे ११ एमबी. एवढ्यासाठी यूएसबी २.० पुरेसे आहे. यूएसबी ३.० लिहिलेला डीव्हीडी रायटर अधिक वेगवान नसतो, त्याचा लाभ फक्त जास्त विजेपुरता आहे, आणि तोही पोर्ट ३.० असेल तरच. भरलेली डीव्हीडी लिहायला ४एक्सवर सुमारे चौदा-पंधरा मिनिटे आणि ८एक्सवर त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक मिनिटे लागतात. सहा-सात मिनिटांच्या बचतीसाठी रायटरची निवड बदलण्यात अर्थ नाही.

ट्रे की खाच

डिस्क नुसती आत सरकवण्याची खाच असलेले रायटर देखणे असतात, पण त्यांत ८ सेंटिमीटर व्यासाची छोटी डिस्क घालता येत नाही; घातल्यास ती आत अडकते. साधारण २००५ ते २०१० या काळात घराघरांत आलेल्या डीव्हीडी हँडीकॅमच्या डिस्क याच आकाराच्या, १.४ जीबीच्या होत्या. तशा डिस्क घरात असतील तर ट्रेचाच रायटर घ्यावा. त्या डिस्क संगणकावर कोऱ्या दिसल्या तर घाबरून फेकून देऊ नयेत. बहुधा त्या कॅमेऱ्यात फायनलाइज केलेल्या, म्हणजे नोंद पूर्ण करून इतर यंत्रांना वाचता येतील अशा केलेल्या, नसतात. मूळ कॅमेरा चालू स्थितीत असल्यास त्यातच ते काम पूर्ण केले की डिस्क वाचता येते. ट्रेच्या रायटरला पुढच्या बाजूस टाचणीचे बारीक छिद्रही असते आणि वीज गेली असताना अडकलेली डिस्क त्यातून बाहेर काढता येते.

खरेदी करताना

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे रायटर अजून मिळतात, आणि तेथे घेण्याचा फायदा असा की वस्तू हातात घेऊन पाहता येते. ट्रे बाहेर काढून हलक्या हाताने दाबून पाहावा. तो थोडा लवचिक असणारच, पण एका बाजूला कललेला नसावा. मधल्या खुंटीवर डिस्क खटकन बसली पाहिजे. लेसरच्या भिंगावर धुळीचा थर किंवा ट्रेच्या कडांवर ओरखडे दिसले, तर ड्राइव्ह वापरलेला आहे. खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे लेबल नसलेल्या खोक्यावर हमी कोणाकडे मागणार, हा प्रश्न दुकानातच विचारावा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे नाव आणि परतीची अट नीट वाचावी. काही विक्रेते पैसे परत न देता केवळ वस्तू बदलून देतात. अभिप्राय वाचताना तारांकित सरासरीकडे दुर्लक्ष करून सहा महिने वापरल्यानंतर लिहिलेल्या तक्रारी शोधाव्यात, आणि त्यांतही ‘चालला नाही’ असे मोघम लिहिलेल्यांपेक्षा नेमके काय बिघडले हे सांगणाऱ्यांना महत्त्व द्यावे. खोके आले की उघडण्यापासून पहिली डिस्क घालेपर्यंतचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवणे वाद झाल्यास उपयोगी पडते.

घरी आणल्यावर करायच्या चाचण्या

परतीची मुदत मोजकीच असते, म्हणून पुढील कामे पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकावीत.

प्रथम वाचण्याची परीक्षा घ्यावी. एक छापील संगीताची सीडी, एक छापील चित्रपटाची डीव्हीडी आणि पूर्वी घरी लिहिलेली एखादी जुनी डीव्हीडी, अशा तीन वेगळ्या प्रकारच्या डिस्क घालून त्यांतील साऱ्या फाइली संगणकावर उतरवाव्यात. नुसती यादी दिसली म्हणजे डिस्क वाचली गेली असे होत नाही. घरी लिहिलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे थकलेला लेसर तेथे आधी उघडा पडतो.

त्यानंतर लिहिण्याची परीक्षा, आणि ती करताना डिस्क पूर्ण भरावी. डिस्कवरची नोंद आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. ड्राइव्हचा समतोल बिघडलेला असला, डिस्क किंचित वाकलेली असली किंवा वीज कमी पडत असली, तर चुका बहुधा शेवटच्या भागात, कडेजवळ होतात, आणि दोनशे एमबीची चाचणी लिहून समाधान मानणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. पुन्हा लिहिता येणारी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी+आरडब्ल्यू यासाठी घ्यावी, म्हणजे चाचण्यांत कोऱ्या डिस्क खर्ची पडणार नाहीत. तरी शेवटची एक चाचणी आपण नेहमी वापरणार त्याच कोऱ्या डिस्कवर करावी, कारण दोन्ही प्रकारांतला नोंद करण्याचा थर वेगळा असतो.

लिहिताना सॉफ्टवेअरमधील पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. मात्र त्याच ड्राइव्हने स्वतः लिहिलेले वाचून दिलेला निर्वाळा अपुरा असतो, तो उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानेच ती तपासण्यासारखा आहे. म्हणून तीच डिस्क शेजाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, कार्यालयातल्या संगणकात किंवा निदान टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये वाचून पाहावी. वाचताना वेग मध्येच कोसळतो का, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा त्याच जागी घुटमळतो का, याकडे कान द्यावा. दुसऱ्या दोन यंत्रांत डिस्क सुरळीत वाचली गेली तर रायटर ठेवावा. अडखळली तर आधी दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर, मागच्या पोर्टमधून आणखी एकदा प्रयत्न करावा, आणि तरीही तसेच घडले तर कोणतीही भीड न बाळगता परत पाठवावा.

अधिक खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी डिस्कवरील चुका मोजून आलेख काढणारी सॉफ्टवेअरे आहेत. सीडीवर सी१ आणि सी२, डीव्हीडीवर पीआय आणि पीओ या नावांनी चुका मोजल्या जातात. सी१ थोड्या असणे स्वाभाविक आहे, पण नव्याने लिहिलेल्या डिस्कवर सी२ एकही नसावी. प्रत्येक ड्राइव्ह ही माहिती देत नाही, आणि दोन वेगळ्या ड्राइव्हांनी दिलेल्या आकड्यांची तुलना करू नये.

कोऱ्या डिस्क: काटकसर नको तेथे

एके काळी आपल्याकडे घरोघरी मोझरबेअरच्या डिस्क असत. त्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात २०१८मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे ती गुंडाळण्याचा, आदेश झाला. जुन्या साठ्यातल्या, वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेल्या डिस्क अजूनही कोठे कोठे विकायला असतात, आणि त्या न घेणेच बरे. कोऱ्या डिस्कमधील रंगद्रव्य लिहिण्याआधीही खराब होत असते. लेसर हे रंगद्रव्य जाळून खुणा करतो, त्यामुळे द्रव्य जसे तशी नोंद. व्हर्बेटिमच्या डिस्क घेताना अ‍ॅझो (रंगद्रव्याचा एक प्रकार) असा उल्लेख असलेल्या घ्याव्यात. त्याच नावाने येणाऱ्या स्वस्त मालिकेत ते द्रव्य असेलच असे नाही. ही नाममुद्राही २०१९मध्ये मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेली आहे. इमेजबर्नसारखे मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या आत कोरलेला उत्पादकाचा संकेत दाखवते. एका गठ्ठ्यात चांगला अनुभव आला, की पुढच्या वेळी तोच संकेत पाहून घ्यावे.

एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांपैकी डीव्हीडी-आर घ्यावी की डीव्हीडी+आर, हा प्रश्न आता फारसा महत्त्वाचा नाही. नवे रायटर दोन्ही लिहितात. फार जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर थोडी अधिक सुरक्षित. दोन थरांच्या डिस्क मी सुचवणार नाही. त्या महाग असतात, थर बदलतो तेथे चुका होण्याचा संभव अधिक असतो, आणि तेवढ्याच पैशांत एका थराच्या दोन-तीन चांगल्या डिस्क येतात.

वेग निवडताना सर्वांत कमी वेग सर्वांत चांगला हा जुना समज सोडून द्यावा. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचे द्रव्य वेगवान लेसरला अनुरूप असते, अतिशय मंद वेगाने लिहिल्यास निकाल उलट खालावू शकतो. बारीक रायटरवर डीव्हीडीसाठी ४एक्स ते ८एक्स, पूर्ण आकाराच्या रायटरवर ८एक्स, आणि संगीताच्या सीडीसाठी १६एक्सच्या आसपास ठेवावे. महत्त्वाच्या संग्रहासाठी डिस्क काठोकाठ भरू नये. विंडोजच्या मोजणीने सुमारे ४ जीबीवर थांबावे, म्हणजे कडेचा नाजूक भाग कोरा राहतो.

सॉफ्टवेअर आणि मराठी नावांच्या फाइली

कोरी डिस्क घातल्यावर विंडोज दोन पर्याय पुढे करते: डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. पहिल्या पर्यायात फाइली हव्या तेव्हा टाकता येतात, पण अशी डिस्क इतर यंत्रांत वाचली जाईलच असे नाही, आणि एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर पुसलेल्या फाइलीची जागा परत मिळत नाही. जतन करायच्या किंवा दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी नेहमी दुसरा पर्याय घ्यावा आणि डिस्क फायनलाइज करावी.

मराठी नावांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्कवर फाइली नोंदवण्याच्या जोलिएट या प्रचलित रचनेत फाइलीचे नाव ६४ खुणांपर्यंतच असू शकते, आणि देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र खूण मोजली जाते. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, पण संगणकाच्या हिशेबी दहा खुणांचा आहे. ‘आजीच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमातील…’ अशी लांबलचक नावे मध्येच तुटतात आणि दोन फाइलींची तुटलेली नावे सारखीच होण्याचा घोटाळा होतो. नावे आटोपशीर ठेवावीत, किंवा सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ ही दुसरी रचना निवडावी. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल लिहायची असेल तर तशीही यूडीएफच लागते.

चित्रपट पाहण्याच्या दृष्टीने सांगायचे, तर विंडोज ८पासून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मूळ प्रणालीत राहिलेली नाही. रायटर बिघडलेला नसतो, व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की काम होते. चित्रपटांच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या बांधलेल्या असतात; भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या आणि युरोप दुसऱ्या. ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो आणि नंतर तो कायमचा गोठतो, म्हणून परदेशातून आणलेली विभागबद्ध डिस्क घातल्यावर येणाऱ्या प्रश्नाला घाईने होकार देऊ नये. लग्नाची डीव्हीडी अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीने तयार करावी, कारण आपल्याकडची पाल पद्धत तिकडचे बरेच प्लेअर दाखवत नाहीत.

न्यायालयीन कामासाठी डिस्क द्यायची असल्यास एकदाच लिहिता येणारी डिस्क वापरावी आणि फाइलींचे हॅश मूल्य (फाइलीतल्या मजकुरावरून सॉफ्टवेअरने काढलेला, मजकूर बदलताच बदलणारा संकेत) काढून ठेवावे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात ते मूल्य नोंदवावे लागते. प्रमाणपत्राचा मसुदा अर्थातच वकिलाकडून करून घ्यावा.

लिहिलेली डिस्क सांभाळताना

सीडीची नाजूक बाजू वरची, म्हणजे नाव लिहायची असते, कारण परावर्तक थर तेथे केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, तर ब्लू-रेत माहिती खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असते. त्यामुळे सीडीवर बॉलपेनने लिहू नये, कोणत्याही डिस्कवर चिकटपट्टीचे लेबल लावू नये, आणि पाण्याच्या शाईच्या मऊ पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक घालावा. पुसताना मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोलाकार पुसल्यास ओरखडा नोंदीच्या रेषेवरूनच लांबवर जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पाकिटांऐवजी कडक डब्यांत उभ्या ठेवाव्यात, डबे सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद खोक्यात घालावेत आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. प्रत्येक महत्त्वाच्या डिस्कची दुसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी, तिसरी प्रत हार्ड डिस्कवर असावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, काही डिस्क पूर्ण वाचून पाहाव्यात. एखादी डिस्क पूर्वीपेक्षा अडखळत वाचली जाऊ लागली, की ती अजून वाचता येत आहे तोवरच तिची नवी प्रत काढावी. रायटर मात्र त्या खोक्यात ठेवू नये. तो धूळ लागणार नाही अशा पिशवीत, केबल काढून, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी चालवत ठेवावा, म्हणजे ट्रेचे वंगण सुकत नाही.